सकाळी सांगितलेली सुट्टी संध्याकाळी का होते? रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेचा दीड वर्षाचा अनुभव

मी होमिओपॅथीची पदवीधर असून नागपूरच्या धंतोलीतील ६० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात ९ वर्षांपासून निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. रुग्णालय आणि आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेला मी दूरशिक्षणाने प्रवेश घेतला, त्याला आता दीड वर्ष झाले. परीक्षा संपून सहा महिने झाले आहेत आणि तिथे शिकलेले रोजच्या कामात कितपत उतरले हे आता सांगता येईल असे वाटते. इतकी वर्षे माझ्या लेखी रुग्णालय म्हणजे रुग्ण, औषधांचा कागद आणि वरिष्ठ डॉक्टरांचा फोन एवढेच होते. औषध कुठून येते, बिल कसे तयार होते, खाट रिकामी व्हायला दिवस का जातो, हे प्रश्न ऑफिसचे आहेत असे समजून मी ते बाजूला ठेवत असे.

पूर्णवेळ शिक्षणाचे पर्याय मी पाहिले होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या विषयात एमडी करता येते, परंतु त्यासाठी एमबीबीएस लागते. घर आणि पाळ्या सांभाळून मला जमण्यासारखे होते ते दूरशिक्षणच. या पदविकेमुळे रुग्ण तपासण्याचा किंवा औषध लिहिण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही, हे इच्छुकांनी आधीच समजून घ्यावे, कारण आमच्या तुकडीतील दोघांचा तसा गैरसमज होता आणि तो दूर झाल्यावर त्यांनी अभ्यास सोडला.

पुस्तके एकसारख्या दर्जाची नाहीत. व्यवस्थापनाच्या तत्त्वांचा पहिला भाग कोणत्याही कारखान्याला लागू पडेल असा असून त्यात रुग्ण जवळपास दिसत नाही. परंतु गुणवत्तेच्या भागात आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना, प्रक्रिया आणि परिणाम ही चौकट आली, आणि तिथपासून मी पुस्तकातला प्रत्येक धडा आमच्या वॉर्डाशी ताडून वाचू लागले. आम्ही सारे रचनेबद्दल बोलत होतो: नवे यंत्र, वातानुकूलित खोल्या, आणखी चार खाटा. परिणाम निदान मृत्यूच्या नोंदींत तरी दिसत होता. मधली प्रक्रिया, म्हणजे रोजचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे, मात्र कोणीच मोजत नव्हते.

खाटांचे गणित मला सर्वांत उपयोगी पडले. समजा ६० खाटा आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात १८०० खाट-दिवस उपलब्ध होतात. त्यांपैकी १३५० वापरले गेले तर भरणा ७५ टक्के, आणि त्या महिन्यात ३०० रुग्ण घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम साडेचार दिवसांचा. हाच मुक्काम चार दिवसांवर आला तर तेवढ्याच खाट-दिवसांत सुमारे ३३७ रुग्णांवर उपचार होऊ शकतात, म्हणजे एकही खाट न वाढवता ३७ रुग्णांची सोय होते. ऑक्टोबरात डेंग्यूचे रुग्ण आणि मे महिन्यात उष्माघाताचे रुग्ण आले की आम्ही खाट नाही म्हणून लोकांना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांकडे पाठवत आलो आहोत. हे गणित कळल्यानंतर असे कोणाला परत पाठवताना मला पूर्वीसारखी निश्चिंतता राहिलेली नाही.

म्हणून पदविकेच्या प्रकल्पासाठी मी रुग्णाला घरी सोडण्याचा, म्हणजे सुट्टीचा, विषय घेतला. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर “आज सुट्टी” म्हणतात आणि रुग्ण संध्याकाळी निघतो, हे आमच्याकडे नेहमीचेच झाले होते. शहरातल्या रुग्णाला त्याचा त्रास होतोच, परंतु आमच्याकडे बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, गडचिरोलीहून लोक येतात. संध्याकाळी सहाला बाहेर पडून गणेशपेठच्या बसस्थानकावर गेलेले अहेरीकडचे कुटुंब घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, म्हणून ते आणखी एक रात्र नागपुरातच काढते आणि त्या रात्रीचा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

मी ४० रुग्णांच्या सुट्टीचा प्रत्येक टप्पा घड्याळ लावून नोंदवला: डॉक्टरांचा शब्द, सुट्टीचे कार्ड, उरलेली औषधे औषधालयात परत जाणे, अंतिम बिल, विमा असल्यास मंजुरी, पैसे भरणे आणि गेट. मोजण्याआधी आम्हा सर्वांचे मत एकच होते की उशीर विमा कंपन्या करतात. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने सुट्टीची अंतिम मंजुरी द्यायची असते आणि त्याहून उशीर झाल्यास वाढलेला खर्च तिनेच सोसायचा असतो. परंतु ते तीन तास सुरू होतात विनंती गेल्यावर, आणि आमच्याकडून विनंतीच दुपारी दोननंतर जात होती, कारण सुट्टीचे कार्ड तयार नसे. कार्ड लिहिणे हे निवासी डॉक्टरांचे, म्हणजे माझे काम. राउंड, ओपीडीतील बोलावणी आणि नव्याने दाखल झालेले रुग्ण आटोपून मी ते जेवणानंतर लिहायला घेत असे. उशिराचा सर्वांत मोठा हिस्सा माझ्याच टेबलावर पडून होता, आणि ९ वर्षांत मला तो दिसला नव्हता. हे स्वीकारायला मला बरेच दिवस लागले. प्रकल्पाच्या अहवालात ते वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिले.

उपाय साधे होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होण्याची शक्यता असलेल्या रुग्णांची यादी सिस्टर संध्याकाळी करतात, रात्रपाळीचा डॉक्टर कार्डाचा कच्चा मसुदा लिहून ठेवतो, आणि न लागणारी औषधे त्याच रात्री औषधालयात परत जातात. बदलानंतरच्या ४० रुग्णांत सरासरी वेळ साडेसहा तासांवरून सव्वाचार तासांवर आली. सरासरीबरोबर मध्यकही, म्हणजे सर्व वेळा क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडाही, काढावा, कारण दोन-तीन अडकलेल्या प्रकरणांमुळे सरासरी फसवी होते, ही शिकवण अभ्यासक्रमातील संख्याशास्त्राच्या भागाची. मात्र रविवारी ही व्यवस्था अजूनही कोलमडते, कारण त्या दिवशी बिलाच्या खिडकीवर एकच माणूस असतो.

भांडारव्यवस्थेचा धडाही तितकाच जिवंत आहे. वस्तूंची वर्गवारी एकदा खर्चानुसार आणि एकदा गरजेनुसार करायची, आणि दोन्ही एकत्र ठेवून पाहायची. आणीबाणीत लागणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन खर्चाच्या यादीत अगदी तळाशी असते, पण गरजेच्या यादीत पहिल्या रांगेत. पेरणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात, तेव्हा प्रतिविषाच्या कुप्यांचा साठा मागच्या महिन्याच्या खपावरून ठरवणे धोक्याचे असते. तो हंगाम पाहूनच ठरवावा लागतो. आमच्या औषधालयातील दादांना हे अनुभवाने ठाऊक होते, परंतु खरेदीच्या बैठकीत ते मांडायला लागणारी भाषा आम्हाला या धड्याने दिली.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, म्हणजे पिवळी आणि लाल पिशवी, टोकदार वस्तूंसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा आणि कचरा साठवून ठेवण्याची ४८ तासांची मर्यादा, हे सारे पुस्तकात नीट दिले आहे. वॉर्डातल्या मावशींना ते माझ्याआधीपासून तोंडपाठ होते.

माझी खरी तक्रार अग्निसुरक्षेच्या भागाबद्दल आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बाळे दगावली. भंडारा आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि त्या दिवशी इथल्या प्रत्येक रुग्णालयात लोकांनी आपापल्या कक्षांतील वायरिंगकडे मान वर करून पाहिले होते. असे असताना हा विषय जेमतेम चार पानांत उरकलेला पाहून मला वाईट वाटले. ऑक्सिजनने भरलेल्या कक्षातून स्वतः उठू न शकणाऱ्या रुग्णांना कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वाटेने हलवायचे, रात्री दोन सिस्टर असताना कोणी काय करायचे, हे व्यवस्थापन शिकणाऱ्याला कळायलाच हवे. शेवटी आम्ही ते अग्निशमन दलातील एका निवृत्त अधिकाऱ्यांकडून शिकून घेतले.

संपर्कवर्गांबद्दल, म्हणजे दूरशिक्षणातील प्रत्यक्ष तासांबद्दल, थोडक्यात सांगायचे तर अर्धे चांगले झाले आणि अर्ध्यांत पुस्तकच वाचून दाखवले गेले. प्रकल्पाच्या परवानगीला मात्र मला दोन महिने लागले. रुग्णालय आपले आकडे बाहेर जाऊ द्यायला बिचकते. म्हणून प्रवेश घेतल्या महिन्यातच विषय ठरवून, रुग्णांची नावे कुठेही येणार नाहीत असे लिहून देऊन, संचालकांची लेखी संमती घ्यावी. जे सध्या कोणत्याही रुग्णालयात काम करत नाहीत त्यांना ही पदविका मी सुचवणार नाही, कारण मोजायला वॉर्डच नसेल तर हातात केवळ व्याख्या उरतात. परिचारिकांनी मात्र ती अवश्य करावी. सुट्टीच्या प्रकल्पात मला सर्वांत अचूक वेळा आमच्या मेट्रन मॅडमच्या वहीत मिळाल्या.

खर्चलेखनाचा भाग मला परीक्षेपुरता जमला, कामापुरता अजून जमलेला नाही. अतिदक्षता विभागातील एका खाटेचा एका दिवसाचा खरा खर्च किती, हे काढायला मी आणि आमचे लेखापाल गेले दोन महिने दर शनिवारी बसतो आहोत. वीज, प्राणवायू आणि सिस्टरांचे पगार मांडून झाले आहेत. धुलाई आणि जनरेटरचा वाटा कोणत्या प्रमाणात लावायचा, यावर सध्या गाडी थांबली आहे.