वर दगडासारखा बर्फ, खाली नासलेलं दूध: डबल डोअर फ्रिजची सहा वर्षं

२०१८ साली घेतलेला फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आत जमलेला बर्फ आपोआप वितळवणारा फ्रिज, फ्रीझर वर. लिटर, स्टार सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. या फ्रिजचं सगळं सुखदुःख फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआडच्या एका करंगळीएवढ्या भोकावर अवलंबून आहे.

जुलैत भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचायला लागलं. कोथिंबीर काळी पडली, पालक सडला. मग दूध नासायला लागलं, वर मात्र बर्फ दगडासारखा. कंपनीचा माणूस आला, पॅनेल न उघडताच "गॅस गेलाय" म्हणाला आणि साडेचार हजारांचा आकडा सांगितला. व्हिजिटचे पैसे वेगळे. गॅस गेला तर वर बर्फ कसा टिकला? यावर तो गप्प. कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हटलं, तर गॅस त्यात येत नाही म्हणे. असा संताप आला की त्याला तसाच परत पाठवला.

शेवटी बाजारपेठेतल्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी स्क्रू काढून पॅनेल ओढलं, तर थंडावा देणाऱ्या नळ्यांच्या कॉइलखाली बर्फाची लादी! कॉइलवर जमलेला बर्फ हीटर अधूनमधून वितळवतो. ते पाणी त्या भोकातून, नळीवाटे मागे कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेने सुकतं. भोक तुंबलं की पाणी आतच गोठतं, थंड हवेची खाली यायची वाट बंद होते आणि उरलेलं पाणी भाजीवर गळतं. त्यात आमचं चिपळूण; पावसाळ्यात दार उघडलं की ओली हवाच आत शिरते. काकांनी गरम पाणी ओतलं, बारीक वायर फिरवली, काळा बुळबुळीत मळ बाहेर आला. पाचशे रुपयांत काम झालं. बर्फ सुरीने खरवडू नका, हे त्यांनी बजावून सांगितलं. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा असतो.

रागाच्या भरात पुढचा फ्रिज खाली फ्रीझरवाला घ्यायचं ठरवलं होतं. भाजीसाठी आईला रोज वाकावं लागतं, तिचे गुडघे दुखतात. पण आता मत बदललंय. पाणी जायचं भोक फ्रॉस्ट फ्रीमध्ये तिथेही असतंच, वर तो फ्रिज महाग. शिवाय फ्रीझर वर असला की खवलेलं खोबरं, मटार, मे महिन्यातल्या आमरसाचे डबे डोळ्यांसमोर हाताला लागतात, ही सोय मला सोडवत नाही. रोजची भाजी कापडी पिशवीत घालून मधल्या कप्प्यात ठेवते, आईचं वाकणं वाचलं.

नवीन घेणाऱ्यांनी कंप्रेसरच्या दहा वर्षांवर भाळू नका. हीटर, सेन्सर आणि पंख्याला किती वर्षं, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पावसाळ्याआधी मेकॅनिककडून ते भोक साफ करून घ्या.

दारातला बाटल्यांचा कप्पा मात्र तडकलाय. कंपनी म्हणते, सुटा मिळणार नाही. कुणाला चिपळूण-रत्नागिरीकडे मिळाला असेल तर जरूर कळवा.