नाशिकच्या मखमलाबादकडच्या डॉग होस्टेलचा अनुभव (४ स्टार, एक कापलाय)

फेब्रुवारीत मावसभावाचं लग्न होतं रत्नागिरीला, चार दिवस घर बंद, आणि चकलीला (गावठी आहे, शेपटी वळलेली म्हणून चकली) दरवेळी शेजारच्या काकूंच्या गळ्यात मारायची लाज वाटायला लागली होती म्हणून हे होस्टेल शोधलं. नाव टाकत नाही कारण एक तक्रार पण आहे.

आधी नुसतं बघायला गेलो ते बरं झालं. इंदिरानगरवरून एवढ्या लांब गाडी हाणत गेलो आणि तिथले दादा रेट सांगायच्या आधी म्हणाले लसीचं बुक दाखवा. रेबीजचा बूस्टर दोन महिने उलटून गेलेला, आणि केनेल कफची (कुत्र्यांचा पसरणारा खोकला) लस तर कधी दिलीच नव्हती, मला वाटायचं ती फॉरेनच्या कुत्र्यांची भानगड. दादा सरळ म्हणाले, "मग नाही घेता येणार, इथे बाकीची पण कुत्री आहेत, एक खोकला की सगळी खोकतात." मी जरा तडकलोच, पैसे देतोय ना राव. पण लग्नाला अजून तीन आठवडे होते, मुकाट डॉक्टरकडे गेलो.

मग फॉर्म, दोन पानी! जेवताना भांड्याला हात लावला तर गुरगुरते का, फटाक्याला कुठे लपते, जंताचं औषध शेवटचं कधी, वजन किती. वजनावर मी आणि बायको तिथेच भांडलो, ती म्हणे १२ मी म्हणे १८, काट्यावर १६ भरली. आणि जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, म्हणजे आम्ही इतके दिवस अंदाजपंचेच देत होतो.

खरा धक्का द्राक्षांचा. होस्टेलच्या मागेच बाग आहे, मधे दोन पदरी जाळी मारलीये खालपर्यंत. मी म्हटलं एवढी कशाला, चार मणी खाल्ले तर काय होतंय, आमची तर रोज खाते. दादा बघतच राहिले माझ्याकडे. द्राक्ष आणि मनुके कुत्र्याला विषारी असतात, किडनी जाते, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा काही नेम नाही, एखादं मूठभर पचवतं आणि दुसरं थोड्यातच आडवं होतं. खाल्ली कळलं तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टर. आता आमचे मामा पिंपळगावचे, सीझनला क्रेटच येतो घरी, आणि आजी स्वतःच्या हाताने एकेक मणी भरवायची चकलीला, ती पण शहाणी मांजरासारखी पुढे बसून खायची. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला, तेही तेच म्हणाले. आता क्रेट माळ्यावर असतो आणि आजी रुसलेली.

राहायला एकदम ओके. दिवसाचे ६०० घेतात, जेवण आपलंच द्यायचं कारण एकदम बदललं की पोट बिघडतं, सकाळ संध्याकाळ फिरवतात. व्हिडिओ दिवसातून एकच येतो, तो पण रात्री अकराला, तोपर्यंत बायको लग्नात मोबाइलच बघत बसलेली.

आता तक्रार. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या पायाच्या बोटांमधे गोचीड सापडली, चांगली फुगलेली, राखाडी. गोचिडीचा ताप आमच्या सोसायटीत एका लॅब्रेडॉरला झालाय, प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या, म्हणून घाबरलो. फोन केला तर दादा म्हणाले इथली नसेल. असेल नसेल, पण घ्यायच्या वेळी कान उलटे करून बघितले तसे द्यायच्या वेळी पण बघा ना. आणि तुम्ही न्यायला जाल तेव्हा तिथेच बोटं फाकवून बघा, मी घाईत विसरलो.

दिवाळीला कुठे जात नाहीये, फटाक्यात तिला परक्या ठिकाणी ठेवणार नाही. मे महिन्याचं बुकिंग मात्र इथेच केलंय.