छातीला शेक दिल्यानंतर: फ्युकॉयडन की स्पिरुलिना?

शेक म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार. ते संपल्यावर 1 ते 6 महिन्यांत कोरडा खोकला, दम किंवा बारीक ताप सुरू झाला तर आधी दवाखाना गाठायचा. फुप्फुसाची ती सूज स्टेरॉइडनं उतरते, शेवाळानं नाही. एवढं पक्कं धरून पुढचं वाचा. प्रश्न आहे तो सोबतीला काही द्यावं का, याचा. आमच्या दादाचे शेक छत्रपती संभाजीनगरला झाले, तेव्हा परळीपासून परभणीपर्यंतच्या पाहुण्यांनी मिळून फ्युकॉयडन आणि स्पिरुलिना ही शेवाळापासूनची दोन नावं सुचवली होती.

नुसतं संशोधन पाहिलं तर फ्युकॉयडन पुढं आहे, हे मान्य करायला हवं. तपकिरी समुद्री शेवाळातला हा सल्फेटयुक्त पदार्थ. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना 10 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) किरण देऊन 14 दिवस फ्युकॉयडन दिलं, तर सूज पेटवणारे रेणू घटले आणि फुप्फुसात पुढं होणारं तंतूंचं जाळंही कमी झालं. स्पिरुलिनातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य सूज दाबतं, पण फुप्फुसाबाबतचा त्याचा पुरावा बराचसा ब्लिओमायसिन या औषधानं खराब केलेल्या उंदरांवरचा आहे, किरणांचा थोडाच. अर्थात दोन्हीकडे उंदीरच.

तरीही आम्ही फ्युकॉयडन घेतलं नाही, आणि कारण डबीवरचं लेबल. त्यावर ‘समुद्री शेवाळाचा अर्क, 500 मिलिग्रॅम’ एवढंच. दादाच्या डॉक्टरांनी विचारलं, यात फ्युकॉयडन किती, कोणत्या शेवाळातलं, आणि आयोडीन किती? तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर असू शकतं, त्यानं थायरॉइड बिघडतं. शिवाय फ्युकॉयडन रक्त पातळ करू शकतं, आणि दादाला स्टेंटमुळं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. विकणाऱ्याला फोन केला तर प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही.’ स्टेरॉइडची गोळी 5 मिलिग्रॅमच्या हिशोबानं कमी-जास्त करणाऱ्या माणसाला असलं उत्तर कसं चालावं? मला ते फार लागलं. आजारी माणसाच्या घरचे लोक भीतीपोटी काहीही विकत घेतात, त्यांना निदान आकडा तरी सांगायला हवा.

स्पिरुलिनाच्या पाकिटावर प्रथिनं छापलेली होती, बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर मिळाला. त्यात मायक्रोसिस्टिन (शेवाळात मिसळू शकणारं एक विष) आणि शिसं हे दोन रकाने आवर्जून बघा. डॉक्टरांनी होकार दिला, पण शेक पूर्ण झाल्यावर. चालू शेकात अँटिऑक्सिडंट दिलं तर गाठीलाही आडोसा मिळू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

वास माशासारखा येतो, तो दादाला सुरुवातीला सोसेना. गरम वरणात घालू नका, उष्णतेनं फायकोसायनिन मोडतं. थंड ताकात, जिऱ्याची पूड टाकून गेलं. पोट बिघडलं नाही, ज्वारीची भाकरी पुन्हा जाऊ लागली. खोकला उतरला तो मी स्टेरॉइडच्याच खात्यावर मांडतो.

टक्केवारी छापलेलं फ्युकॉयडन मिळालं, रक्त पातळ करणारं औषध चालू नसलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर त्याचा विचार जरूर करावा. आमच्या घरी मात्र अजूनही स्पिरुलिनाच येतं. संधिवातासारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल तर तेही आधी विचारूनच.