एमडीटीचं लाल पाकीट, म्हणजे कुष्ठरोगाच्या गोळ्या: बारा महिने वापरून झाल्यावर

डाव्या कोपराखाली मेणाचा थेंब पडला, पांढरा होऊन चिकटून बसला, आणि मला पत्ताच नाही. शेजारी काम करणारा पोरगा म्हणाला, "ताई, हात बघा." तेव्हा खरवडून काढला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोचं काम करते. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याच्या ५ मायक्रॉनच्या चकत्या कापायच्या, रंगवायच्या, पॅथॉलॉजिस्ट सरांच्या टेबलावर ठेवायच्या. मेण ६० अंशांचं असतं. २१ वर्षांच्या नोकरीत किती वेळा भाजलं त्याला हिशेब नाही, पण दरवेळी हात झटकलाय. त्या दिवशी झटकला नाही. तिथे तांबूस चट्टा होता आणि एका खाजगी दवाखान्याच्या सांगण्यावरून पाच महिने मी त्यावर नायट्याचं मलम चोळत होते.

आठवड्याभरात निदान झालं: कुष्ठरोग. अंगावर सात चट्टे, डाव्या कोपरामागची नस दोरीसारखी जाड. पाचाच्या वर चट्टे गेले की एमबी (मल्टिबॅसिलरी) प्रकार, आणि त्याला मोठ्या माणसांचं लाल पाकीट, बारा पाकिटं. ती संपून आता पाच महिने झालेत. मिक्सर घेताना मी पन्नास जणांचे रिव्ह्यू वाचते. या पाकिटाचा मराठीत एकही सापडला नाही, म्हणून लिहायला बसले.

किंमत शून्य. जगभर १९९५ पासून फुकट मिळतं. तीन औषधं एकत्र द्यायचं (हीच एमडीटी, मल्टि ड्रग थेरपी) १९८१ साली ठरलं, कारण एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. पाकीट २८ दिवसांचं. पहिल्या दिवसाचा डोस आरोग्य केंद्रात, त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा: रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३००, डॅप्सोन १००. पुढचे २७ दिवस घरी, रोज क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. कोणत्या दिवशी काय हे पट्टीवर इतकं सरळ मांडलंय की माझ्या सासूबाई, ज्यांना चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही, त्याही रोज सकाळी विचारायच्या, "आजची फोडली का गं?" पॅकिंगला पैकीच्या पैकी.

पहिल्या दिवशी लघवी लालभडक होते, घाबरू नका, ते रिफॅम्पिसिन. संसर्ग पसरण्याची भीतीही पहिल्या काही डोसांतच मावळते. हे आमच्या घरी मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिले पंधरा दिवस माझा पेला वेगळा ठेवला जात होता. कोण ठेवत होतं ते लिहीत नाही.

डॅप्सोनने हिमोग्लोबिन ११.४ वरून ९.८ वर आलं, लोहाच्या गोळ्यांनी सावरलं. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा असं काही दिसलं तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ती डॅप्सोनची खरी ॲलर्जी, आणि ती जिवावर बेतू शकते.

आता क्लोफाझिमिन. चॉकलेटी, मऊ, गोल कॅप्सूल. हे मुळात रंगद्रव्य आहे, १९५०च्या दशकात डब्लिनला टीबीसाठी शोधलेलं. तिसऱ्या पाकिटापासून मी काळवंडायला लागले, चट्टे तर आधी आणि जास्त. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेशी रंगवल्या, या गोळीने मलाच रंगवून काढलं. कातडी पोटरीवर माशाच्या खवल्यांसारखी सुटायची. खोबरेल तेल, दिवसातून दोनदा, दुसरा उपाय नाही. रंग उतरतोय, पण सावकाश. याचा अर्धा तारा कापते.

आणि मग चौथ्या पाकिटातला तो मंगळवार. सकाळी उठले तर सातही चट्टे लाल, फुगलेले, हात लावला तर गरम. डावं मनगट सुजलेलं. कोपर टेबलाला टेकलं की करंगळीपर्यंत कळ जायची. एका डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "औषधाची ॲलर्जी आहे, बंद करा." मी दोन दिवस बंद केलंही. ज्या पाकिटाने बरं व्हायचं त्यानेच चट्टे पेटवले, असंच कुणालाही वाटेल.

आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञ सरांनी हात बघितला, नस चाचपली, आणि पहिली गोष्ट म्हणाले, "गोळ्या चालू करा. ही रिॲक्शन आहे, ॲलर्जी नाही." टाइप वन. नवीन पुरळ नाही, जुनेच चट्टे फुगलेत आणि नस दुखतेय, ही तिची ओळख. जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा बायोप्सी घेतली, त्याच चट्ट्यातून, आणि तुकडा आमच्याच लॅबला आला. तो मीच कापला. पॅथॉलॉजिस्ट सरांनी नको म्हटलं होतं.

पहिली स्लाइड कपाटात होतीच. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. पहिलीत घट्ट गाठी, ग्रॅन्युलोमा: मधे फिकट गुलाबी एपिथेलिऑइड पेशी, कडेने लिम्फोसाइटचे निळे ठिपके, आणि या गाठी कातडीतल्या बारीक नसांना धरून लांबट वाढलेल्या. जंतू शोधायला फाइट रंगाची स्लाइड केली होती, अख्ख्या स्लाइडमधे तीन लाल काड्या सापडल्या. दुसरीत त्याच गाठी, पण आत पाणी शिरल्यासारख्या विस्कटलेल्या. पेशींच्या मधे पांढरी फट. लिम्फोसाइट कितीतरी जास्त, राक्षसी पेशी मोठ्या. नस कुठली आणि गाठ कुठली हे मला दोनदा बघावं लागलं. काड्या? एकही नाही.

म्हणजे जंतू जवळपास गेलेले आणि आग मात्र वाढलेली. सरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गोळ्यांनी जंतू मरतात, पण त्यांचे तुकडे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पोटात उरतात. मॅक्रोफेज तो तुकडा बाहेर काढून टी पेशीला, म्हणजे एका जातीच्या लिम्फोसाइटला दाखवते. टी पेशीला ओळख पटली की ती इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडते. निरोप मिळालेली मॅक्रोफेज चवताळते आणि स्वतः टीएनएफ नावाचा दुसरा निरोप सोडते. त्याने रक्तवाहिन्या गळायला लागतात, पाणी येतं, आणखी टी पेशी येतात, त्या आणखी निरोप सोडतात. हे निरोप माझ्या रंगांत दिसत नाहीत, त्यांची हाक ऐकून जमलेली गर्दी दिसते. कातडीला ही सूज परवडते. नसेला नाही, तिच्याभोवती घट्ट वेष्टण असतं, आतल्या आत दाबली जाते. महारोगाने बोटं वाकतात म्हणतात, त्यातलं बरंचसं वाकणं या आपल्याच पेशींच्या भांडणातून येतं.

उलट टोकाच्या स्लाइडही मी कापल्यात, लेप्रोमॅटसच्या, म्हणजे याच रोगाच्या ज्या प्रकारात शरीर जंतूंशी लढतच नाही त्याच्या. तिथे मॅक्रोफेज फेसाळ, पोटात जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे, आणि टी पेशींचा पत्ता नाही. आयएल-१० सारखे निरोप सगळं दाबून ठेवतात. त्या रुग्णांना दुसऱ्या तऱ्हेची रिॲक्शन येते, ताप आणि दुखऱ्या लाल गाठींची. जेरुसलेमच्या एका डॉक्टरांनी १९६४ मधे अशा रुग्णाला नुसती झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं आणि गाठीच बसल्या. ते टीएनएफ कमी करतं हे कळायला १९९१ उजाडलं. गरोदर बाईने मात्र त्या गोळीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, ४० मिलिग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी कमी करत बारा आठवडे. ते थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन निरोप लिहिणंच थांबवतं. चार दिवसांत चट्टे बसले. तोंड पुरीसारखं फुगलं, रात्री दोनला उठून मी शिळी पोळी आणि तिखट खायचे, साखर वाढली. पण कोपराची कळ गेली. एमडीटी सोबत चालूच.

सेवेबद्दल: केंद्रावर दोनदा पाकीट शिल्लक नव्हतं, एकदा सहा दिवस थांबावं लागलं. आशाताई मात्र फोन न करता घरी यायच्या आणि शेजारच्या बायकांनी विचारलं तर "बीपीचं बघायला आले" सांगायच्या. त्यांना वेगळे पाच तारे.

पाकिटाला साडेतीन. अर्धा रंगाचा कापला, एक पूर्ण तारा यासाठी की आधीच जाड झालेली नस हातात असताना मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि पट्टीवरही कुठे ठळक दिसत नाही, की मधेच चट्टे फुगले, नस दुखली, बोट लुळं पडलं तर गोळी सोडायची नाही, लगेच दाखवायला यायचं. रिॲक्शन उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांतच जास्त येते. मी दोन दिवस थांबले. माझ्यासोबत रांगेत असायचा तो वीटभट्टीवरचा दादा दोन महिने थांबला, त्याची दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

माझी कागदाची चाचणी परवा झाली. करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायचा आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ सरांनी ओढायचा. रिॲक्शनच्या आठवड्यात तो नुसता सुटून पडायचा, आता त्यांना जोर लावावा लागतो. कोपराखालचा चट्टा सपाट झालाय, पण मेण अजूनही तिथे कळत नाही. मी पूर्ण बाह्यांचा ॲप्रन शिवून घेतलाय.