सायलेन्सरचा आवाज किती असावा: ठाण्यात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे जे-सिरीज इंजिनाची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे. 2021 साली आलेल्या या मॉडेलच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे कंपने कमी आहेत, आणि मूळ सायलेन्सरचा आवाज जुन्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटच्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. त्यामुळे ही गाडी घेतलेले अनेक जण थोड्याच दिवसांत गॅरेजमध्ये जाऊन आवाज वाढवण्याची चौकशी करतात. मी मूळ सायलेन्सर उतरवून त्या जागी डीबी किलर (तोंडात बसवलेली, आवाज दाबणारी नळी) असलेला स्लिप-ऑन, म्हणजे मूळच्या पाइपवर सरकवून बसवायचा बाजारातला सायलेन्सर, बसवला, पावसाळ्याच्या तोंडापासून उन्हाळा लागेपर्यंत तो वापरला, आणि आता मूळ सायलेन्सर परत चढवला आहे. वर्तकनगरहून कळवा, विटावा, दिघा, ऐरोली आणि रबाळे असा महापेपर्यंतचा माझा रोजचा रस्ता आहे. विकणारा माणूस ‘बेस भारी आहे’ यापलीकडे काही सांगत नाही, म्हणून या काळात आवाजाविषयी जे ध्यानात आले ते सविस्तर लिहीत आहे.

प्रथम चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू खोटी नाही. नव्या सायलेन्सरचा आवाज मला मनापासून आवडला. चार स्ट्रोकच्या एक-सिलिंडर इंजिनात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर संथ चालू असेल तर सेकंदाला साधारण आठ ठोके पडतात आणि ते सुटे सुटे ऐकू येतात. 3,000 फेऱ्यांवर हेच ठोके 25 होतात आणि कानाला त्यांचा एक सलग घुमणारा सूर वाटतो. लोकांना बुलेटची जी डगडग हवी असते ती या सुट्या ठोक्यांची असते. ती संथ आणि खोल असावी लागते, मोठी असण्याची तिला गरज नसते. हा भेद मला काही महिने कान देऊन ऐकल्यावरच नीट कळला. स्लिप-ऑनवर ठोके अधिक ठसठशीत वाटत होते हे खरे, पण वेग वाढला की त्यांचा फक्त गोंगाट होई. ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो सिग्नलवर उभे असताना मिळत होता आणि ऐरोलीच्या पुढे मोकळा रस्ता लागताच नाहीसा होत होता, कारण तिथे हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा आवाजच सर्वांवर मात करतो.

आवाज किती असावा हे गाडीवर बसून ठरवता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि चालवणारा हेल्मेट घालून पुढे बसलेला असतो. त्याला मिळणारा आवाज हा त्या गाडीच्या आवाजाचा सर्वांत सौम्य भाग असतो. खरा आवाज ऐकायचा असेल तर गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्यावी आणि आपण इमारतीत, बंद खिडकीच्या आत उभे राहावे. मी माझ्या भावाला गाडी देऊन हे केले. आमच्या इमारतीचे पार्किंग तळमजल्यावर आहे. तिन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर काँक्रीटचे छत आणि खाली गुळगुळीत फरशी, म्हणजे आवाज शोषून घेणारे तिथे काहीच नाही. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाताना आवाज जसा चहूबाजूंनी अंगावर येतो, तसाच तो या पार्किंगमध्ये येतो, फरक इतकाच की इथे वर माणसे झोपलेली असतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू मला एकदा सहज म्हणाल्या होत्या, “तू आलास की आमच्या कपाटाची काच वाजते रे.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या वाक्याने मला जे कळले ते कोणत्याही मापकावर दिसले नसते.

असे का होते तेही सांगतो. डेसिबलच्या आकड्यापुढे कंसात ‘ए’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ असा की माणसाच्या कानाच्या संवेदनक्षमतेनुसार त्या आकड्यातून खर्जाचा वाटा कमी केलेला असतो. 100 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 19 डेसिबल आणि 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा केले जातात. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या आवाजाचा बराचसा जोर याच पट्ट्यात असतो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हॉर्नसारखा तीव्र आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण खर्ज मात्र त्यांतून सहज आत शिरतो आणि काचा, दारे, भांडी हलवतो. म्हणून ‘आकडा तर कमीच आहे’ हा युक्तिवाद वरच्या मजल्यावरच्या माणसासाठी निरर्थक आहे.

आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. बाजारातल्या सायलेन्सरच्या खोक्यावर जो डेसिबलचा आकडा छापलेला असतो तो किती अंतरावरून मोजला हे बहुधा लिहिलेले नसते. उभ्या गाडीची प्रचलित चाचणी सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात होते. आपल्याकडे उत्पादकासाठी घालून दिलेली मर्यादा मात्र वेग घेत जाणाऱ्या गाडीची, तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मोजलेली असते: 80 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 75, 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यापुढे 80 डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे या दोन मोजण्यांत नुसत्या अंतराचाच जवळजवळ 23 डेसिबलचा फरक पडतो. शिवाय एकीत गाडी उभी असते आणि दुसरीत जोर लावून पळत असते. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे. मोबाइलमधल्या ॲपवर मीही मोजून पाहिले. अशा ॲपचा नेमका आकडा विश्वासार्ह नसतो, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून मोजलेला दोन सायलेन्सरमधला फरक उपयोगी पडतो. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, हे ध्यानात ठेवून तो फरक वाचावा.

डीबी किलर काढून मी गाडी रस्त्यावर नेली नाही. गॅरेजच्या आवारात तेवढी ऐकली, आणि तो आवाज वस्तीत आणण्याजोगा नाही याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका उरली नाही. एक स्क्रू काढला की ही नळी हातात येते, आणि हाच अशा सायलेन्सरचा मोठा धोका आहे. इंदौरी, पंजाब, मेगाफोन अशा नावांनी जे सायलेन्सर सर्रास विकले जातात, त्यांपैकी बऱ्याच प्रकारांत तर आवाज अडवणारे काही नावापुरतेच असते.

जी गोष्ट फक्त काही महिन्यांच्या वापरानेच कळते ती आता सांगतो. मूळ सायलेन्सरमध्ये बहुधा पत्र्याचे कप्पे असतात आणि वायू त्यांतून वळणे घेत बाहेर पडतो. ही रचना वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहते. स्लिप-ऑनमध्ये सामान्यतः छिद्रांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेले असते, जे आवाज शोषते. उष्णता, तेलकट काजळी आणि ओल यांनी हे ग्लासवूल हळूहळू जळते, आवळते आणि थोडे थोडे उडूनही जाते. बसवला तेव्हा मला भारदस्त वाटलेला आवाज पावसाळा संपेपर्यंत कोरडा आणि पत्र्यासारखा झाला होता, आणि थ्रॉटल सोडल्यावर फटाक्यांसारखे बारीक आवाज येऊ लागले होते. बदल इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणजे दुकानात ठरवलेला आवाज आपल्याजवळ टिकत नाही, तो वाढत जातो. ग्लासवूल पुन्हा भरून घ्यावे लागते, हे मला विकताना कोणीही सांगितले नव्हते.

मोठ्या आवाजामुळे इतर वाहनचालक सावध होतात, हा दावा मी गंभीरपणे तपासून पाहिला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रक आणि टँकर यांच्या मधून रोज जावे लागते, त्यामुळे हा माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. पण समोरच्या, काचा बंद करून वातानुकूलन लावलेल्या मोटारीला माझा आवाज मी तिच्या अगदी बाजूला येईपर्यंत कळत नव्हता. तो आधी पोहोचायचा मागच्यांना. हेडलाइट, योग्य लेन आणि वेळेवर दिलेला हॉर्न यांनी जे साधते ते सायलेन्सरने साधत नाही. मायलेज आणि ताकद यांत मला जाणवण्याइतका फरक पडला नाही.

कायद्याची बाजू संदिग्ध नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. ध्वनिमर्यादेचा भंग झाल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 190(2) नुसार पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि परवानाही तीन महिने अपात्र ठरतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या स्लिप-ऑनवर मान्यतेचे कोणतेही चिन्ह नव्हते, म्हणून नाकाबंदीत आवाज किती हा प्रश्न दुय्यमच ठरला असता. मात्र दंडापेक्षा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे मला अधिक बोलके वाटतात: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. ही मर्यादा परिसराच्या सरासरी आवाजासाठी आहे, एका गाडीसाठी नाही. तरीही 45 डेसिबलच्या रात्रीत आपण किती मोठी भर घालत आहोत याचा अंदाज त्यातून येतो. येऊरला जाणाऱ्यांनी तर याचा अधिकच विचार करावा; ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि तिथे बिबटे राहतात.

म्हणून माझे मोजमाप असे ठरले आहे: पहाटे गाडी चालू करून पार्किंगमधून बाहेर नेताना पहिल्या मजल्यावरच्या बंद खिडकीआड झोपलेल्या माणसाला जाग येता कामा नये, आणि मला मात्र सिग्नलवर ठोके ऐकू आले पाहिजेत. मूळ सायलेन्सर या दोन्ही अटी पूर्ण करतो. गाडी ढकलत गेटबाहेर नेऊन चालू करणे हाही एक उपाय आहे आणि मी तो काही आठवडे केला, पण 195 किलोंची गाडी रोज रॅम्पवर चढवणे शक्य नाही.

ज्यांना मूळ सायलेन्सर परत बसवायचा असेल त्यांनी सांध्याचे गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी मधली चकती) नवे घ्यावे. जुने गॅस्केट एकदा दबलेले असते. तेच पुन्हा वापरले तर सांध्यातून वायू निसटतो, फटफट असा आवाज येतो आणि दोष सायलेन्सरचा आहे असे वाटते. बोल्ट इंजिन गार असताना बसवावेत आणि थोडे चालवल्यानंतर, पुन्हा गार झाल्यावर, एकदा तपासून आवळावेत. काढून ठेवलेल्या सायलेन्सरमध्ये पाणी साचू नये म्हणून तो तोंड खाली करून, कोरड्या जागी ठेवावा.