वाफेचे इंजिन आणि साडेतीन वर्षांची मुलगी

कुटुंबांसाठी भरवलेल्या एका रेल्वेमेळ्याला आम्ही साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो, आणि केवळ तिथल्या वाफेच्या इंजिनासाठीसुद्धा तो पाहण्यासारखा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिनचालकांनी भट्टीचे दार उघडून आतला लालभडक कोळसा लांबूनच दाखवला आणि पाण्याची वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला व दांडा चाकाला फिरवतो, हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितले, की मुलगी घरी पोहोचेपर्यंत कोपरापासून हात पुढेमागे करत "दांडा, चाक" असे म्हणत होती.

शिट्टी मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता वाजवली जाते. पहिल्या शिट्टीला ती दचकून रडू लागली. कान झाकणारी साधने बरोबर न्यायला हवी होती. उघड्या डब्यात इंजिनाच्या लगेच मागे बसल्यास कोळशाचे कण डोळ्यांत जातात, म्हणून शेवटचा डबा निवडावा.

मूळ गाडीच्या १/८७ आकाराच्या, एचओ प्रमाणातील गाड्यांची मांडणी अत्यंत देखणी होती, परंतु टेबल मोठ्यांच्या छातीइतके उंच असल्याने मुलीला सतत कडेवर घ्यावे लागले. तिथे पायरी ठेवणे आयोजकांना सहज शक्य होते. फेरीसाठीच्या रांगेत पाऊण तास गेला आणि तोही उन्हात, त्यामुळे मेळा उघडताच प्रथम फेरी उरकून घ्यावी.