निकोटिनचा गम की पट्टी?

सिगारेट सोडायची हे तुमचं ठरलंय आणि मेडिकलच्या काउंटरवर गम मागावा की पट्टी एवढाच घोळ आहे, असं धरून लिहितो. मी ४८ वर्षांचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम, रोजच्या पंधरा-वीस सिगारेटी होत्या. दोन्ही वापरून झालंय.

आधी गम घेतला. खिशात मावतो आणि तलफ आली की हाताशी असतो. मात्र तो च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. चार वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. निकोटिन गालाच्या आतून शोषलं जातं. मला हे माहीत नव्हतं. कराकरा चघळला, लाळ गिळली आणि तासभर उचक्या. आई म्हणाली, "कोण आठवण काढायलंय रं तुझी?"

उचक्या चालल्या असत्या. बिनसलं ते चहावरून. गम घालायच्या आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेतोवर काही खायचं-प्यायचं नाही. एक गम अर्धा तास, दिवसाला आठ-दहा. आणि आमच्याकडे दहाला चहा येतो, बाराला येतो, कास्टिंगवाला आला की येतो, उधारी मागायला कोण आला तरी येतो. किटली दिसली की मी गम काढून पावतीमागं चिकटवायचा, कप उचलायचा आणि दुसरा हात आपोआप खिशाकडं. एक पावती तशीच गिऱ्हाइकाकडं गेली. तिसऱ्या आठवड्यात किटलीपाशीच पुन्हा सिगारेट पेटली.

मग पट्टी घेतली. ती अंघोळीनंतर कोरड्या दंडावर लावली की विसरायची, निकोटिन कातडीतून हळूहळू आत जातं. रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यालो तरी तिची ना नाही. पट्टीची ताकद टप्प्याटप्प्यानं उतरवायची, २१ मिलिग्रॅमवरून १४, मग ७. खोडी तिच्याही आहेत. जागा रोज बदलली नाही तर खाजते, एप्रिलात घामानं कडा सुटतात, अंगावर ठेवून झोपलं तर चित्रविचित्र स्वप्नं पडतात. मी झोपताना काढायचो. अचानक आलेल्या तलफेला मात्र ती धावून येत नाही. म्हणून डॉक्टरांनी अडीनडीला २ मिलिग्रॅमचा गम जवळ ठेवायला सांगितलं. दोन्ही मिळून एकट्या कशापेक्षाही बरं चालतं. गम एखादाच लागायचा, तोही चहा नसेल तेव्हा.

फुप्फुसाचं म्हणाल तर गेलेला दम दोन्हीपैकी कोणी परत आणत नाही. धूर थांबला की पुढची झीज मंदावते. माझा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून दम मोजायच्या तपासणीचा, आकडा वर्षात फारसा हलला नाही. पण सकाळी बेसिनपाशी चालणारा खोकला गेला. जोतिबाच्या पायऱ्यांवर बायको मागं वळून "बसा जरा" म्हणायची, यंदा म्हणाली नाही.

हृदयाचं दुखणं असेल तर गम असो की पट्टी, डॉक्टरांना विचारूनच घ्या. दिवसाला दोनच चहा होत असतील तर गमही तुम्हाला पुरेल, कदाचित. कवळी असेल तर मात्र नको, चिकटतो.